प्रभागाचें वाङ्मय

वाङ्मय या शब्दाची व्याप्ति किती, याविषयीं आपल्याकडे पूर्वीं पुष्कळ वाद झाले आहेत. ललित तेवढेंच वाङ्मय असें म्हणणारे एका बाजूस आणि जें जें लिहिलें गेलें तें तें वाङ्मय असें म्हणणारे दुसऱ्या बाजूस, अशी ती जुनी झुंज आहे. तींत न शिरतां एवढें म्हणतां येईल कीं, जें लिखाण लाखों लोकांच्या डोळ्यांखालून रोज जातें आणि ज्याच्या आधारें ते आपलें मत बनवितात, त्याची टीकाकारानें कधींच दखल घेऊं नये, हें कांहीं रसिकतेचें लक्षण नव्हे. डोंबिवलीसारख्या नगरांत चौकाचौकांतले फलक, निवडणुकीपूर्वींचे जाहीरनामे, मुदत संपतां संपतां घरोघर येणारे कार्य-अहवाल आणि नागरिकांनीं केलेले अर्ज, हें सारें मिळून एक स्वतंत्र वाङ्मय झालें आहे. राजकीय पक्षांचें स्थानिक कार्य आणि त्यांत नागरिकांचा असलेला अगर नसलेला सहभाग यांचें खरें स्वरूप जाणून घ्यावयाचें असेल, तर हें वाङ्मय वाचलें पाहिजे. आणि वाचतांना भाषा, आशय व प्रामाणिकपणा या नेहमींच्याच कसोट्या त्याला लावल्या पाहिजेत.

डोंबिवलीच निवडण्याचें कारण उघड आहे. मुंबईबाहेर मध्य रेल्वेच्या वाटेवर वसलेलें हें नगर मराठी मध्यमवर्गाचें वसतिस्थान म्हणून प्रसिद्ध आहे. पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे दोन नामवंत कथाकार येथें राहिले. येथील श्रीगणेश मंदिर संस्थानानें १९९९ सालीं गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा सुरू केली आणि थोड्याच वर्षांत ती महाराष्ट्रांतील अनेक शहरांनीं उचलली. २०१७ च्या फेब्रुवारींत नव्वदावें अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेंच भरलें. आणि त्याचें यजमानपद आगरी यूथ फोरम या भूमिपुत्रांच्या संस्थेनें पत्करलें, ही गोष्ट या नगराच्या घडणीविषयीं बरेंच कांहीं सांगून जाते. व्याख्यानमालांना आणि वाचनालयांना येथें माणसें कमी पडत नाहींत. पाडव्याच्या सकाळीं हजारों स्त्रीपुरुष कोणी हांक मारण्याची वाट न पाहतां रस्त्यावर येतात. म्हणजे एकत्र येण्याची शक्ति या नगरांत आहे, याबद्दल शंका नको. तरीहि २०२४ च्या लोकसभा निवडणुकींत, डोंबिवली ज्यांत मोडते त्या कल्याण मतदारसंघांत, निम्म्याच्या आसपासच मतदान झालें. यात्रेला येणारा माणूस नगराच्या कारभाराकडे कां फिरकत नाहीं, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांचा आहे. टीकाकाराचा प्रश्न त्याहून लहान, पण त्यालाच लागून आहे: त्या माणसाला कारभारांत येण्याचें आमंत्रण कोणत्या भाषेंत दिलें जातें?

नगरकारभार आणि लेखणी यांचा संबंध आपल्याकडे नवा नाहीं. लॉर्ड रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावानें स्थानिक स्वराज्याला चालना दिली, तेव्हां कारभार अधिक चोख होईल यापेक्षां लोकांना राजकीय शिक्षण मिळेल यावरच त्याचा भर होता. त्यापूर्वींच, १८७६ पासून १८८२ पर्यंत, जोतीराव फुले पुणें नगरपालिकेचे सभासद होते. हरि नारायण आपटे यांनीं कादंबरीलेखनाबरोबर त्याच नगरपालिकेचें अध्यक्षपद सांभाळलें, आणि न. चिं. केळकर यांनींहि तें भूषविलें. मराठी गद्य ज्यांनीं घडविलें त्यांना गटारें, दिवाबत्ती आणि पाणीपट्टी हे विषय आपल्या लेखणीस कमीपणा आणणारे वाटले नाहींत. अगदीं ठाणें जिल्ह्यापुरतें बोलावयाचें, तर राम कापसे हे मराठीचे प्राध्यापक कल्याणचे आमदार झाले आणि १९८९ व १९९१ सालीं ठाण्याहून लोकसभेवर निवडून गेले. अलीकडे मात्र ही वाट ओस पडली आहे. आपली राजकीय कादंबरी अरुण साधू यांच्या ‘सिंहासन’बरोबर मुख्यमंत्र्यांच्या दालनापर्यंत पोंचली, प्रभागाच्या कचेरींत जाऊन बसावें, असें मात्र तिला क्वचितच वाटलें. ललित लेखकानें जें क्षेत्र सोडलें तें मोकळें राहिलें नाहीं. तेथें फलक लिहिणारे आले.

या वाङ्मयाला एक इतिहासहि आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ सालीं स्थापन झाली. पण तिची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली १९९५ सालीं. मधलीं सुमारें बारा वर्षें कारभार प्रशासकाच्या हातीं होता. २०१५ सालीं निवडून आलेल्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्यें संपली, आणि पुढचें मतदान झालें तें १५ जानेवारी २०२६ रोजीं. म्हणजे पुन्हां पांच वर्षांहून अधिक काळ या नगराला सभासद नव्हते. महानगरपालिकेच्या बेचाळीस वर्षांपैकीं सुमारें सतरा वर्षें ती लोकप्रतिनिधींशिवाय चालली, असा हा हिशेब आहे. या मुदतींत सभागृह बंद होतें, परंतु फलक बंद नव्हते. ‘माजी नगरसेवक’ आणि ‘भावी नगरसेवक’ अशा दोन पदव्या चौकांत सुखानें नांदत होत्या. संस्था नसतांनाहि तिचें वाङ्मय चालूं राहतें, यावरून त्या वाङ्मयाचा संस्थेशीं किती संबंध आहे, हें ताडून पाहावें.

आतां प्रत्यक्ष फलकाकडे वळूं. फलकाच्या वाक्यांत बहुधा क्रियापद नसतें. एक मोठा चेहरा, त्याच्या वर त्याहून मोठ्या माणसांचे लहान चेहरे, खालीं शुभेच्छुकांची रांग, आणि मध्यें एखाद्या सणाचें अगर वाढदिवसाचें निमित्त, एवढ्यावर तो पुरा होतो. कामासंबंधीं फलक असेल तेव्हां मात्र त्याची भाषा अभ्यासण्यासारखी असते. ‘अमुक यांच्या निधीतून’, ‘तमुक यांच्या अथक प्रयत्नांनीं’ हे त्यांतील ठरलेले शब्दप्रयोग. यांतली सारी करामत षष्ठीच्या प्रत्ययांत आहे. तो निधि वस्तुतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर करांतून जमलेला सार्वजनिक पैसा असतो. सभासदाला तो कोठें खर्चावा हें सुचविण्याचा केवळ अधिकार असतो. परंतु ‘यांच्या’ हा एक शब्द येतो आणि गटारावरची फरशी ही कोणा एकाची देणगी होऊन बसते. देणगी म्हटली कीं घेणाऱ्यानें आभार मानावयाचे. ती कशी बसविली, किती टिकली, हें विचारणें शिष्टाचाराला सोडून होतें. नागरिकाचा हक्क हिरावण्यासाठीं येथें बळाचें प्रयोजन पडत नाहीं. व्याकरणानें काम भागतें.

विशेषणांविषयीं काय लिहावें? केळकरांना मराठी जगानें साहित्यसम्राट म्हटलें तें त्यांच्या आयुष्यभराच्या ग्रंथरचनेकडे पाहून. आज प्रत्येक प्रभागांत एक ‘कार्यसम्राट’ आहे. सम्राट या शब्दाचा अर्थ ज्याच्यावर दुसरा राजा नाहीं असा. एका चौकांत तीन सम्राटांचे फलक शेजारीं शेजारीं लागले असतां भाषेची जी दशा होते, तिला विनोद म्हणून सोडून देणें सोपें आहे. पण विशेषणें स्वस्त झालीं म्हणजे खरोखर राबणाऱ्या कार्यकर्त्यासाठीं शब्दच उरत नाहींत, हें त्यांतलें नुकसान आहे.

हें नेहमींच असें नव्हतें. पक्षांच्या शाखांच्या दाराशीं काळा फळा असे, आणि कोठें कोठें तो अजून आहे. त्यावर खडूनें लिहीत: उद्यां पाणी येणार नाहीं, अमक्या दिवशीं दाखल्यांचें शिबिर आहे, सभा अमुक ठिकाणीं आहे. तो मजकूर जवळच राहणाऱ्या माणसाच्या हस्ताक्षरांत असे; चुकला तर वाचणारा आंत जाऊन सांगे; आणि दुसऱ्या दिवशीं तो पुसला जाई. त्या फळ्यावर मताचा प्रचारहि असे, कधीं कधीं जळजळीत असे. पण त्याचीं वाक्यें पुरीं असत, आणि त्यांत वाचणाऱ्याच्या उपयोगाचें कांहीं तरी असे. फळा पुसून छापील कापड आलें तेव्हां बातमी गेली आणि चेहरा उरला. रस्त्यावरच्या बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशननें मुंबई उच्च न्यायालयांत दाद मागितली आणि २०१७ सालीं न्यायालयानें त्यासंबंधीं सविस्तर आदेश दिले. त्या आदेशांचा विषय परवानगीचा होता, आशयाचा नव्हता. तो असूंहि नये. आशयाचें परीक्षण न्यायाधीशांनीं नव्हे, वाचकांनीं करावयाचें असतें.

फलकाहून वरच्या दर्जाचा प्रकार जाहीरनाम्याचा. फलक क्रियापदावांचून चालतो, तर जाहीरनामा केवळ भविष्यकाळावर चालतो. रस्ते होतील, रुग्णालय उभें राहील, कोंडी सुटेल. यांत कोण करील, किती पैशांत करील आणि नाहीं केलें तर काय, हे तीन प्रश्न अनुत्तरित असतात. आंकडा आलाच तर तो अलंकार म्हणून येतो. २०१५ च्या महानगरपालिका निवडणुकीच्या तोंडावर राज्याच्या मुख्यमंत्र्यांनीं कल्याण-डोंबिवलीसाठीं साडेसहा हजार कोटि रुपयांची योजना जाहीर केली होती. पुढें कित्येक वर्षें हा आंकडा एका पक्षाच्या भाषणांत अभिमानानें आणि दुसऱ्यांच्या भाषणांत उपहासानें येत राहिला. परंतु त्यांपैकीं किती रक्कम, कोणत्या वर्षीं, कोणत्या कामावर पडली, याचा एका कागदावर मावेल असा हिशेब सामान्य मतदाराच्या हातीं आला, असें कोणी छातीठोकपणें म्हणेलसें वाटत नाहीं. अभिमानानें बोलणाऱ्यानें तो दिला नाहीं आणि उपहास करणाऱ्यानें तो मांडला नाहीं. दोघांनींहि आंकड्याचा उपयोग अतिशयोक्तीसारखाच केला.

तिसरा प्रकार कार्य-अहवालाचा. हा भूतकाळाचा ग्रंथ. याचा एक चांगला नमुना याच भागाच्या इतिहासांत आहे, म्हणून त्याची आठवण करून देणें अगत्याचें आहे. रामभाऊ म्हाळगी हे १९७७ व १९८० सालीं ठाणें मतदारसंघांतून लोकसभेवर निवडून गेले. कल्याण-डोंबिवलीचा भाग त्या वेळीं त्याच मतदारसंघांत होता. आपण वर्षभरांत काय केलें, याचा छापील वृत्तांत मतदारांना सादर करण्याचा त्यांचा आमदारकीपासूनचा परिपाठ होता. त्यांचें राजकीय मत कोणाला पटो वा न पटो, या प्रथेचें महत्त्व त्यावर अवलंबून नाहीं. निवडून आलेला माणूस दरवर्षीं आपणहून जाब देण्यास उभा राहतो, ही कल्पनाच मतदाराला उंच करणारी आहे. आज घरोघर येणारे गुळगुळीत अहवाल हे त्याच प्रथेचे वंशज म्हणावयाचे. पण वंशांत खंड पडला आहे. ते दरवर्षीं येत नाहींत, पांच वर्षांच्या अखेरीस येतात. आणि त्यांत न झालेल्या कामांचें पान नसतें. ज्या अहवालांत अपयशाचा उल्लेख नाहीं, तो अहवाल नव्हे. ती प्रशस्ति होय. तिचा उपयोग ज्याला पूर्वींच खात्री पटली आहे त्यालाच.

आतां चौथा प्रकार. हा नागरिकांनीं स्वतः लिहिलेला. आणि या चारांत तोच सर्वांत नीरस दिसतो. तो म्हणजे अर्ज. त्याला चित्र नाहीं, रंग नाहीं. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ अशा दोन ओळींनीं तो सुरू होतो. परंतु या नगरांतील कित्येक मोठ्या प्रश्नांना वाचा फुटली ती अर्जांतून. बेकायदा बांधकामांविषयीं २००४ सालीं उच्च न्यायालयांत जनहित याचिका झाली. तिच्यामुळें अग्यार समिति नेमली गेली, आणि महानगरपालिकेच्या हद्दींत सदुसष्ट हजारांहून अधिक बेकायदा बांधकामें असल्याचें उघड झालें. एवढी मोठी गोष्ट कोणत्याहि फलकावर कधीं लागली नव्हती. पुढें बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारें ‘रेरा’ची नोंदणी मिळविलेल्या पासष्ट इमारतींचें प्रकरणहि एका याचिकेमुळेंच पुढें आलें, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें न्यायालयानें त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत कुटुंबें होतीं. त्यांनीं आयुष्याची पुंजी घातली होती. त्यांची चूक काढण्याचा येथें हेतु नाहीं. सरकारी नोंदणीच जेथें फसली तेथें सामान्य माणसानें काय पारखावें? पण एक गोष्ट यांतून दिसते. नगरांतील कागद वाचले जाणें ही हौस नव्हे, तें संरक्षण आहे. औद्योगिक वसाहतींत २६ मे २०१६ रोजीं भीषण स्फोट झाला आणि २३ मे २०२४ रोजीं पुन्हां दुसरा झाला. अनेकांचे जीव गेले. या आठ वर्षांत कोणत्या कारखान्याची तपासणी केव्हां झाली, हा प्रश्न विचारणारा कागद आणि सणाच्या शुभेच्छा देणारा फलक, यांपैकीं नगराला अधिक कशाची जरूर होती, हें सांगावयास नको.

कोणी म्हणेल कीं, ही मध्यमवर्गी दृष्टि झाली. ज्याला अर्ज लिहितां येतो त्याला अर्जाचें कौतुक. पण झोपडींत राहणाऱ्या बाईला रुग्णालयांत खाट हवी असते, मुलाला शाळेंत प्रवेश हवा असतो, आणि त्या वेळीं धांवतो तो पक्षाचा कार्यकर्ताच. हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देतां कामा नये. रात्रीं अपरात्रीं रुग्णवाहिकेसाठीं धडपडणाऱ्या कार्यकर्त्यावर हंसण्याचा अधिकार, बंद दारामागें बसून नगराला नांवें ठेवणाऱ्यास मुळींच नाहीं. तें काम कार्यकर्त्याला करावें लागतें, कारण कचेरी ऐकत नाहीं. पण येथेंच पुढचा प्रश्न उभा राहतो. कचेरीनें ओळखीवांचून ऐकावें, अशी व्यवस्था करणें हें पक्षाचें काम कीं कचेरी न ऐकणारीच राहावी आणि आपली ओळख कायम लागावी, हें पक्षाच्या सोयीचें? ज्या दिवशीं दाखला कोणाच्याहि चिठ्ठीवांचून वेळेवर मिळूं लागेल, त्या दिवशीं ‘यांच्या प्रयत्नांनीं’ या शब्दांची किंमत उतरेल. हें भय जोंवर आहे तोंवर मदत होत राहील आणि व्यवस्था सुधारणार नाहीं. बाईला खाट मिळाली, ही चांगलीच गोष्ट. पण शेजारणीला ती मिळावयास पुन्हां त्याच माणसाच्या दारीं जावें लागलें, तर त्या मदतीनें नागरिक एकहि वाढला नाहीं.

स्थानिक म्हणजे आपोआप पवित्र, असेंहि समजण्याचें कारण नाहीं. अमेरिकेंतील लोकशाहीवर १८३५ सालीं लिहितांना तोकव्हिल या फ्रेंच ग्रंथकारानें तेथील नगरसभांना स्वातंत्र्याच्या प्राथमिक शाळेचें स्थान दिलें. तर ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं संविधानसभेंत बोलतांना डॉ. आंबेडकरांनीं खेड्याच्या संकुचितपणावर व अज्ञानावर कठोर बोट ठेवलें. दोन्ही मतें एकाच वेळीं खरीं असूं शकतात. जवळीक माणसाला जबाबदार बनविते, तशी ती त्याला मिंधेंहि बनविते. ती कोणत्या बाजूला झुकेल हें, त्या जवळिकींत प्रश्न विचारण्याची सोय आहे कीं नाहीं, यावर अवलंबून राहतें. सत्तावीस गांवांचेंच पाहावें. तीं १९८३ सालीं महानगरपालिकेंत घेतलीं, २००२ सालीं बाहेर काढलीं, २०१५ सालीं पुन्हां घेतलीं. २०२० सालीं त्यांतील अठरा वगळण्याचा निर्णय झाला आणि तो त्याच वर्षीं उच्च न्यायालयानें रद्द केला. गांवकऱ्यांच्या संघर्ष समितीच्या मागण्यांविषयीं मतभेद असूं शकतील. पण आम्हांला विचारा, एवढा तिचा मूळ सूर कोणासहि समजावा असा आहे.

विचारण्याची ही सोय कायद्यानें केलेली आहे. १ जून १९९३ रोजीं अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें तीन लाखांवर वस्तीच्या नगरांत प्रभाग समित्या आवश्यक ठरविल्या. महाराष्ट्राच्या कायद्यांत त्यांवर स्थानिक सामाजिक संस्थांचे प्रतिनिधि नेमण्याची तरतूद आहे. २००९ सालीं तर मतदारांच्या क्षेत्रसभांचीहि भर पडली. ही सोय किती वापरली गेली? आपल्या भागाची क्षेत्रसभा कोठें भरते, हें ज्याला ठाऊक आहे असा वाचक भेटणें कठीण. त्यांत बहुसदस्यीय प्रभागांची भर. २०२६ च्या निवडणुकींत १२२ जागांसाठीं ३१ प्रभाग होते. बहुतेक प्रभागांतून चार चार सभासद. कित्येक जागा तर मतदानापूर्वींच बिनविरोध ठरल्या, म्हणजे तेथें मतदाराला विचारलेंच गेलें नाहीं. चौघांनीं मिळून जबाबदार असणें म्हणजे पुष्कळदां कोणीच जबाबदार नसणें. आणि अशा वेळीं लेखी हिशेबाची गरज दुणावते.

तात्पर्य, पक्षांनीं प्रभागांत काम करूं नये, असें या लेखाचें म्हणणें नाहीं. त्यांनीं कामाविषयीं पुरें वाक्य लिहावें, एवढेंच आहे. कोणतें काम, कोणाच्या पैशांतून, किती रकमेंत, केव्हां सुरू, केव्हां पुरें, आणि तें बिघडलें तर तक्रार कोठें, इतकें ज्या फलकावर असेल, त्यावर एखादा चेहरा असला तरी कोणाचें बिघडणार नाहीं. परंतु वाचकानें मागितल्यावांचून लेखक सुधारत नाहीं, हा वाङ्मयाचा जुना अनुभव आहे. डोंबिवलींत वाचनालयें आहेत, व्याख्यानमाला आहेत, मंदिराची आणि मंडळांची सभागृहें आहेत. तेथें एक कपाट या वाङ्मयासाठीं ठेवावें. जानेवारी २०२६ च्या निवडणुकींतील सर्व पक्षांचे जाहीरनामे त्यांत जपून ठेवावे. महानगरपालिकेचा दरवर्षींचा अर्थसंकल्प त्यांशेजारीं ठेवावा. जे सभासद वार्षिक अहवाल देतील त्यांचे अहवाल लावावे आणि जे देणार नाहींत त्यांच्या नांवाची जागा रिकामी ठेवावी. वर्षांतून एकदां, व्याख्यानमालेंतील एक दिवस काढून, हें सारें मोठ्यानें वाचावें. यांत कोणत्याहि पक्षाचा द्वेष नाहीं, कोणाला परवानगी मागावयाची नाहीं, आणि खर्च तर एका फलकापेक्षांहि कमी आहे. पांच वर्षांनीं पुन्हां जाहीरनामे येतील, तेव्हां ते लिहिणाऱ्यास एवढें ठाऊक असलें पाहिजे कीं, मागचे कोणी तरी ठेवलेले आहेत.